कार्ड घासायचे की शोरूमचे कर्ज घ्यायचे?

वाचकांचे प्रश्न : पैसा आणि कायदा

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कायम कामगार आहे. राहायला सिडकोत. हातात येणारा पगार 34 हजार. कामावर जाण्यासाठी मोटारसायकल घ्यायची आहे. नाशिकच्या शोरूमने ऑन-रोड 1 लाख 24 हजार सांगितले. माझ्याजवळ 44 हजार आहेत. उरलेल्या 80 हजारांसाठी शोरूममधला फायनान्सवाला म्हणतो, ‘फक्त दहा टक्के व्याज, तीन वर्षे, महिना 2,889 रुपये हप्ता.’ त्याशिवाय फाइल चार्ज 2,400. माझ्याकडे दीड लाख मर्यादेचे क्रेडिट कार्ड आहे. मित्र म्हणतो, सगळी गाडी कार्डावर घे, पॉइंट मिळतील, नंतर हप्ते करून घे, गाडीवर बोजाही चढणार नाही. शोरूमवाला मात्र कार्डावर दोन टक्के जास्त मागतो. वडिलांचे म्हणणे, कंपनीच्या पगारदार पतसंस्थेतून 11 टक्क्यांनी कर्ज काढ. दहा टक्के स्वस्त असताना अकरा टक्क्यांनी कशाला घ्यायचे? आणि कार्डाचे काय करावे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : तुमच्या तिघांच्या मतांमध्ये वडिलांचे मत सर्वांत स्वस्त आहे. दहा आणि अकरा हे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, कारण ते दोन वेगळ्या मापांनी मोजलेले आहेत.

फायनान्सवाल्याचे दहा टक्के ‘फ्लॅट’ आहेत. म्हणजे 80 हजारांवर वर्षाला 8 हजार, तीन वर्षांचे 24 हजार. एकूण 1 लाख 4 हजार भागिले 36, हप्ता 2,889. हिशोब बरोबर आहे, पण त्यात एक गोम आहे. पहिल्या महिन्यापासून तुम्ही मुद्दल फेडत असता. दीड वर्षानंतर तुमच्याकडे त्यांचे 80 हजार राहिलेलेच नसतात, तरी व्याज मात्र 80 हजारांवरच चालू राहते. पतसंस्थेचे किंवा बँकेचे 11 टक्के हे शिल्लक मुद्दलावर असतात, दर महिन्याला घटणाऱ्या रकमेवर. शोरूमचा तोच 2,889 चा हप्ता घटत्या शिलकीच्या मापाने मोजला तर दर सुमारे 18 टक्के निघतो. त्यात 2,400 रुपयांचा फाइल चार्ज धरला, म्हणजे तुमच्या पदरात खरे तर 77,600 च पडले असे धरले, तर दर 20 टक्क्यांच्या वर जातो. पहिला हप्ता आगाऊ कापून घेतला तर त्याहूनही पुढे. तुमची फसवणूक झाली असे मी म्हणत नाही. दहा टक्के हा आकडा खोटा नाही, तो फक्त तुम्हाला वाटतो त्याचा दर नाही.

आता पतसंस्थेचे पाहू. 80 हजार, 11 टक्के, शिल्लक मुद्दलावर, 36 महिने : हप्ता साधारण 2,619 रुपये, एकूण व्याज 14,290 च्या आसपास. शोरूमकडे व्याज आणि फाइल चार्ज मिळून जातात 26,400. म्हणजे मुदत तीच, हप्ता कमी, आणि वाचतात 12 हजार. दोन वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता 3,729 होतो आणि व्याज साडेनऊ हजारांच्या आत राहते. 34 हजारांच्या पगाराला हा हप्ता झेपण्यासारखा आहे. मी तुमच्या जागी असतो तर दोन वर्षांचाच घेतला असता.

ही गोष्ट ग्राहकाला कळावी म्हणून रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2024 रोजी परिपत्रक काढले आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका व वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जाआधी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ (केएफएस) देणे बंधनकारक केले. कर्जाच्या मुख्य बाबींचा हा एक-दोन पानी तक्ता. त्यात सगळे शुल्क धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, छापलेला असलाच पाहिजे आणि तो तक्ता कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी त्यावर विचार करायला तुम्हाला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. ‘आज सही करा, ऑफर संध्याकाळपर्यंतच आहे’ या घाईला तेवढे उत्तर पुरे. त्या तक्त्यात जे शुल्क नाही ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. शोरूममध्ये बसलेल्या माणसाला ‘व्याज किती’ असे विचारू नका. ‘केएफएस द्या, मराठीत द्या, त्यात एपीआर दाखवा’ असे म्हणा. चेहऱ्यावरून पुढचे कळेल.

फायनान्सचे टेबल शोरूमच्या आत का असते, याचाही विचार करा. कर्ज देणारी कंपनी वेगळी, शोरूम वेगळे. प्रत्येक कर्जामागे शोरूमला कमिशन मिळण्याची पद्धत आहे. म्हणूनच कधी कधी रोख पैसे देणाऱ्यापेक्षा कर्ज घेणाऱ्याची जास्त आवभगत होते. आणखी एक : नाव, पॅन आणि आधार देऊन टाकले की तोच अर्ज एकाच दुपारी तीन-चार कंपन्यांकडे पाठवला जाऊ शकतो. प्रत्येक चौकशीची नोंद तुमच्या सिबिल अहवालात पडते. कोणाकडे अर्ज जाणार, हे आधी ठरवा.

आता कार्ड. मित्राच्या बोलण्यातली एक गोष्ट खरी आहे : कार्डाने घेतलेल्या गाडीवर बोजा चढत नाही. कर्जाने गाडी घेतली की मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 नुसार नोंदणीपुस्तकावर कर्ज देणाऱ्याचे नाव चढते. आरटीओच्या भाषेत ‘एचपी’. ते उतरेपर्यंत गाडी मोकळेपणी विकता येत नाही आणि हप्ते थकले तर करारातल्या अटींप्रमाणे ती ताब्यात घेण्याचा त्यांना हक्क असतो. कार्डाचे कर्ज विनातारण असते. बँक तुमची गाडी उचलू शकत नाही. पण ती तुमच्यावर दावा लावू शकते आणि तुमचा सिबिल बिघडवू शकते. बोजा नाही म्हणून देणे कमी होत नाही.

आकडे मांडू. कार्डावर 80 हजार घेऊन 15 टक्के दराने 12 हप्ते केले असे समजा. हप्ता 7,220, व्याज 6,650 च्या आसपास. इथवर बरे वाटते. पण कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर असतो, 18 टक्के. म्हणजे आणखी जवळपास 1,200 रुपये. शोरूमचे दोन टक्के म्हणजे 1,600. एकूण साडेनऊ हजारांच्या घरात, आणि बँकेची हप्ते करण्याची फी वेगळीच. घटत्या शिलकीवर हा दर 21 टक्क्यांच्या पुढे जातो. पतसंस्थेकडून दोन वर्षांसाठी घेतलेल्या पैशाला जेवढे व्याज पडते तेवढेच इथे एका वर्षासाठी मोजायचे, आणि महिन्याला 7,220 रुपये पगारातून काढायचे. पॉइंट बहुतेक कार्डांवर शेकड्याला एखाद्या रुपयाच्या आतबाहेर असतात. दोन टक्के देऊन एक टक्का परत मिळवण्यात हशील नाही.

‘नो कॉस्ट ईएमआय’ असे कोणी म्हणाले तर सावध व्हा. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 च्या सप्टेंबरमध्येच बँकांना सुनावले होते. व्याज प्रक्रिया शुल्काच्या किंवा हुकलेल्या सवलतीच्या रूपात वसूल होते. 2022 च्या कार्डविषयक निर्देशांत तर हप्ते करण्याआधी मुद्दल, व्याज आणि बँकेने आधीच दिलेली सूट वेगवेगळी दाखवली पाहिजे आणि व्याज असलेल्या हप्त्यांना बिनव्याजी म्हणून सजवता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. रोखीने घेणाऱ्याला काय सूट मिळते ते आधी विचारा. ती सूट कार्डाच्या हप्त्यांवर मिळत नसेल तर ती सूट म्हणजेच व्याज.

पण खरा खड्डा याच्या पुढे आहे. समजा हप्ते केले नाहीत, किंवा करायचे राहून गेले, आणि बिलाच्या तारखेला तुमच्याकडे 80 हजार नाहीत. बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते, साधारण 5 टक्के, म्हणजे 4,000. ती भरली की दंड लागत नाही, म्हणून माणसाला वाटते निभावले. कार्डाचा दर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के असणे नेहमीचे आहे. 3.6 टक्के धरा : एका महिन्याचे व्याज 2,880, त्यावर जीएसटी 518. तुम्ही भरलेल्या 4,000 पैकी 600 रुपयेच मुद्दलात गेले. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणा भरला तरी त्याच दिवसापासून व्याज. वर्षाचा दर जीएसटीसकट पन्नाशी ओलांडतो. सावकारी म्हणून ज्याला आपण नावे ठेवतो, त्याहून हे फार लांब नाही.

या दरावर कायद्याने काही मर्यादा आहे का? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निकाल रद्द केला. व्याजाचा दर ठरवणे हे आयोगाचे काम नाही, तो विषय रिझर्व्ह बँकेचा, असे त्याचे सूत्र. तेव्हा ‘एवढे व्याज बेकायदा आहे’ अशी आशा धरून कार्ड वापरू नका.

मग कार्ड गाडीसाठी कधी वापरावे? पैसे खात्यात आहेत किंवा बिलाच्या तारखेआधी नक्की येणार आहेत, उदाहरणार्थ ठेवीची मुदत संपते आहे, आणि शोरूम वरचे दोन टक्के मागत नाही, तर जरूर वापरा. महिना-दीड महिना बिनव्याजी मिळतो. आणखी एक चांगला उपयोग आहे आणि तो फारसा कोणी करत नाही : बुकिंगची रक्कम कार्डाने द्या. बुकिंग रद्द केल्यावर किंवा गाडी वेळेत न मिळाल्यावर शोरूम पैसे परत द्यायला खळखळ करू लागले, तर कार्डाच्या बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल लेखी वाद उपस्थित करता येतो. रोख दिलेल्या पाच हजारांसाठी मात्र शोरूमच्या पायऱ्याच झिजवाव्या लागतात.

तुमचे 44 हजार तुमच्या बचत खात्यातून थेट शोरूमच्या खात्यात पाठवा. त्यासाठी दोन टक्के कोणी मागत नाही. 80 हजार पतसंस्थेतून घ्या. तिथे दोन जामीनदार लागतील आणि पगारातून कपात होईल. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 49 खाली तशी सोय आहे, ती तुम्हालाही सोयीची आहे, हप्ता चुकत नाही. मात्र लक्षात ठेवा, पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाही, त्यामुळे वर सांगितलेला केएफएस तिथे आपोआप मिळणार नाही. दर शिल्लक मुद्दलावर आहे ना, शेअर्सपोटी किती कापणार, प्रवेश शुल्क किती, हे लेखी घ्या. शेअर्सची रक्कम परत मिळते, पण तोवर अडकते. पतसंस्थेने नाही म्हटले तर ज्या बँकेत पगार जमा होतो तिथे विचारा. शोरूमचे टेबल तिसरे.

दिवाळीचा बोनस आला की त्यातली मोठी रक्कम कर्जात भरून टाका. शोरूमच्या कर्जात हे करायला गेलात तर मुदतीआधी फेडीचे शुल्क विचारा : 1 जानेवारी 2026 पासून मंजूर झालेल्या, व्यक्तीने धंद्याखेरीज घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर असे शुल्क घेता येत नाही, पण दुचाकीची कर्जे बहुधा स्थिर दराची असतात आणि ती या सवलतीत बसत नाहीत. फ्लॅट दराच्या कर्जात लवकर फेडूनही वाचणारे व्याज आपल्याला वाटते तेवढे नसते, हेही अनेकांना शेवटीच कळते.

ऑन-रोडच्या कोटेशनकडेही एकदा डोळे उघडून पाहा. एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर व नोंदणी, विमा, ही तीन कलमे अटळ. एक्स-शोरूममध्ये आता 350 सीसीपर्यंत जीएसटी 18 टक्के आहे; 22 सप्टेंबर 2025 आधी तो 28 होता. जुन्या किमतीचे कागद कोणी दाखवले तर ओळखता यावेत म्हणून सांगितले. विम्यात नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या आदेशापासून सक्तीचा आहे, पण तो शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. सिडकोतल्या कुठल्याही एजंटाकडून किंवा घरबसल्या दर काढून आणा, फरक दिसेल. त्यापलीकडची ‘हॅंडलिंग’, ‘टेफ्लॉन’, वाढीव वॉरंटी, कर्जावरचा जीवनविमा ही सगळी ओझी तुमच्या होकाराची आहेत. आणि हेल्मेट! केंद्रीय मोटार वाहन नियम 138 मध्ये दुचाकी खरेदीच्या वेळी हेल्मेट देण्याची तरतूद आहे. त्याचे वेगळे पैसे लावले असतील तर नियमाचे नाव घ्या.

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातले. द्राक्षांचे पैसे मार्चनंतर येतात. मागच्या वर्षी मुलासाठी हप्त्याने गाडी घेतली. दोन हप्ते थकले तर वसुलीची माणसे रात्री दहाला घरी आली आणि ‘उद्या गाडी उचलू’ म्हणाली. हे चालते का? हप्ता खात्यातून आपोआप जातो, तो बाउन्स झाला म्हणून केस होईल असेही ते म्हणतात.
— एक वाचक, ता. निफाड

उत्तर : रात्री दहाला येणे चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या सूचनेनुसार वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, धमकी आणि मानहानी तर अजिबात नाही. वाहनकर्जाच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या निकालात दांडगाई करणाऱ्या माणसांकरवी वसुली करण्यावर कडक ताशेरे ओढले आहेत. गाडी ताब्यात घेण्याचा हक्क करारात असला तरी आधी नोटीस आणि फेडीची शेवटची संधी देऊन, जबरदस्ती न करता तो वापरावा लागतो. आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि कंपनीचे अधिकारपत्र मागा. आला तो दिवस, वेळ, नाव लिहून ठेवा.

बाउन्सबद्दल मात्र ते खरे बोलले. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा 2007 च्या कलम 25 खाली खात्यात शिल्लक नसल्याने ईसीएस-एनएसीएचसारखा हप्ता परत गेला तर चेक बाउन्ससारखाच खटला होऊ शकतो. त्यामुळे गप्प बसू नका. कंपनीला लेखी कळवा की उत्पन्न हंगामी आहे, मार्चनंतर इतकी रक्कम भरतो, हप्त्यांची फेरमांडणी करा. पुढच्या वेळी कर्ज घेताना सहामाही किंवा हंगामानुसार हप्ता मागा. शेतकऱ्यांसाठी काही बँका तो देतात. थकलेल्या हप्त्यांवरचा दंडही तपासा : 1 एप्रिल 2024 पासून दंडाच्या नावाने व्याज वाढवता येत नाही, फक्त वाजवी दंड-शुल्क घेता येते आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

तक्रार आधी कंपनीकडे करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी फोन 14448. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे नाशिकला, तक्रार करता येते आणि मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

प्रश्न : कर्ज फिटून वर्ष झाले, तरी गाडीच्या पुस्तकावर कंपनीचे नाव आहे. गाडी विकायची आहे.
— एक वाचिका, पंचवटी

उत्तर : कर्ज फिटले म्हणून नाव आपोआप उतरत नाही. कंपनीकडून नाहरकत पत्र आणि दोघांच्या सह्यांचा फॉर्म 35 घ्या, परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज व शुल्क भरा आणि गरज पडली तर पेठ रोडवरच्या आरटीओत कागद द्या. नाहरकत पत्राची मुदत संपली असेल तर नवे मागावे लागते. कंपनी ते देण्यात चालढकल करत असेल तर तिला रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकाची आठवण द्या : व्यक्तीचे कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत करून नोंदवलेला बोजा काढावा लागतो आणि विलंब कर्ज देणाऱ्यामुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. विमा पॉलिसीवरही कंपनीचे नाव असते. तेही उतरवून घ्या, नाहीतर अपघाताच्या दाव्याचा चेक त्यांच्या नावे निघेल.

वाचकांना विनंती : प्रश्न पाठवताना कर्जाच्या मंजुरीपत्राची किंवा केएफएसची प्रत जोडावी, म्हणजे हिशोब करून उत्तर देता येते. कार्डाचा क्रमांक, पॅन आणि आधार मात्र झाकूनच पाठवावे.